नारळ आणि श्रीफळ : शब्दार्थविचार

देवापुढे नारळ ठेवावयाचा, कीर्तन झाले की बुवांच्या हाती नारळ द्यावयाचा, हा आपला नेहमीचा परिपाठ. पण या शब्दाचा अर्थ विचारला, की कोणी सांगतो, "त्याला शेंडी आहे, डोळे आहेत, म्हणून तो नर, नरावरून नारळ." ऐकायला हे गोड वाटते, पण शब्दाचे मूळ तसे नव्हे.

मराठी 'नारळ' हा संस्कृत 'नारिकेल' या शब्दावरून आला. संस्कृतात त्याचीच नारिकेर, नालिकेर अशीही रूपे आढळतात. तमिळ भाषेत 'नार्' म्हणजे तंतू. नारळाच्या सोडणाला तर काथ्याच असतो. म्हणून या शब्दाचे मूळ दक्षिणेकडील भाषांत आहे, असे अनेक पंडित मानतात. पुढे हाच शब्द फारशीत 'नारगील' आणि अरबीत 'नारजील' झाला.

'श्रीफळ' शब्दाची गोष्ट निराळीच. अमरकोशात 'श्रीफल' हे नाव बेलाला दिले आहे. मराठीत मात्र श्रीफळ म्हणजे नारळच. तेव्हा जुन्या संस्कृत ग्रंथात श्रीफल आले, की लगेच नारळ समजू नये. मागचापुढचा संदर्भ पाहावा. नाही तर बेलफळाच्या जागी नारळ बसून अर्थाचा अनर्थ व्हायचा.

आणि हो, शब्द दक्षिणेचा म्हणून परका कसा? आपल्या विठुरायालाही संतांनी 'कानडा' म्हटलेच आहे ना!