हंगाम संपल्यावरचा खेळ

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला उद्योगसंस्थांचा प्रवेश आणि निर्गमन हे प्रकरण चालू होते. स्पर्धेत दुर्बळ गळतात, सबळ टिकतात; त्यात वाईट काय, असे मी मोठ्या धिटाईने म्हणालो. सर एवढेच म्हणाले, "दुकानाचे ठीक आहे. पण खेळाच्या संघाचे काय? समोरचा गळाला तर उरलेल्याने खेळायचे कोणाशी?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी अमेरिकेतील एका खेळापाशी येऊन ठेपलो. तो म्हणजे सभागृहात खेळला जाणारा फुटबॉल.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे वा फेकायचे असते. मोकळ्या मैदानात तो शंभर यार्ड लांबीवर, प्रत्येक बाजूस 11 खेळाडू घेऊन खेळतात. 1981 मध्ये न्यूयॉर्क येथे सभागृहातील सॉकरचा सामना पाहताना जिम फॉस्टर यांना कल्पना सुचली, की हाच प्रयोग अमेरिकन फुटबॉलचा का करू नये? तेथेच त्यांनी एका लिफाफ्यावर मैदानाचा आराखडा काढला. 50 यार्ड लांब, 85 फूट रुंद आणि प्रत्येक बाजूस 8 खेळाडू, अशा स्वरूपात 1987 मध्ये चार संघांची अरीना फुटबॉल लीग सुरू झाली.

ही मापे सहज ठरलेली नाहीत. बर्फावरील हॉकीच्या मैदानाची रुंदी तेवढीच असते. गावोगावी हॉकीची सभागृहे होतीच. हॉकी संपली की वसंतात आणि उन्हाळ्यात ती मोकळी असत. त्यांत हिरवी चटई अंथरली की मैदान तयार! स्वतःचे क्रीडांगण बांधावे लागत नसल्याने या धंद्यात शिरणे सोपे झाले. चेंडू आपटून परत येणाऱ्या जाळ्यांसह या खेळाचे पेटंट फॉस्टर यांना 1990 मध्ये मिळाले. तेव्हा इतरांनी जाळ्यांवाचून खेळ मांडला. 2000 मध्ये मूळ लीगने लहान शहरांसाठी 'एएफ-टू' ही दुय्यम लीग काढली. 2001 मध्ये नॅशनल इनडोअर फुटबॉल लीग आली आणि 2007 च्या हंगामानंतर बंद पडली. 2005 मध्ये युनायटेड इनडोअर फुटबॉल सुरू झाली. 2008 मध्ये तिचे व इंटेन्स फुटबॉल लीगचे एकत्रीकरण होऊन इंडोअर फुटबॉल लीग जन्मास आली.

शिरणे सोपे, पण टिकणे? येथेच हंगामाबाहेरच्या महिन्यांचा प्रश्न येतो. अशा लहान संघाचे उत्पन्न मुख्यतः तिकिटे आणि गावातील जाहिरातदार यांवर अवलंबून असते. दूरचित्रवाणीचा मोठा पैसा त्याच्या वाट्याला येत नाही. सभागृहाचे भाडे, प्रवास आणि खेळाडूंच्या दुखापतीचा विमा हे खर्च मात्र चुकत नाहीत. अंतिम सामना झाला की आवक थांबते आणि मालकाला हिशेब समोर दिसतो. पुढील वर्षी उतरायचे की नाही, याच लीगमध्ये राहायचे की दुसरीत जायचे, हे सारे मैदान रिकामे असताना ठरते. म्हणूनच मला वाटते, की या संघांचा खरा सामना हंगाम संपल्यावरच सुरू होतो.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळू. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने 1964 च्या एका निबंधात हाच मुद्दा मुष्टियोद्धा जो लुईस याच्या उदाहरणाने मांडला. लुईसची कमाई त्याच्या बळावर नव्हे, तर समोर मॅक्स श्मेलिंगसारखा तुल्यबळ प्रतिस्पर्धी असण्यावर अवलंबून होती. आपल्या जत्रेतल्या कुस्त्या पाहणाऱ्याला हे सांगावयास नको. जोड मिळाली नाही तर भला पैलवानही बिदागीवाचून घरी परततो. शेजारचे दुकान बंद पडले तर वाण्याची विक्री वाढते. शेजारच्या गावचा संघ बंद पडला तर उरलेल्या संघाचा घरचा सामना जातो, प्रवास लांबतो, वेळापत्रक मोडते. एकाचे अपयश दुसऱ्याचा तोटा ठरतो, आणि तोही मग डगमगू लागतो.

याची साक्ष इतिहास देतो. 22 हंगाम खेळलेल्या अरीना लीगने डिसेंबर 2008 मध्ये पुढचा हंगाम रद्द केला आणि 2009 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. दुय्यम लीग मात्र त्या वर्षी खेळली. 2010 मध्ये जुन्या नावाने नवी लीग उभी राहिली, तीत दुय्यम लीगमधील कित्येक संघ होते. तीही 2019 नंतर थांबली. 2024 मध्ये त्याच नावाने 16 संघांचा पुन्हा प्रयोग झाला. हंगाम चालू असतानाच अनेक संघ गळाले.

वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराचा 'शॉक' हा संघ तर विचार करायला लावतो. 2006 आणि 2009 मध्ये तो दुय्यम लीगचा विजेता होता, 2010 मध्ये वरच्या लीगचा. 2015 नंतर त्याने लीग बदलली, तेव्हा नाव मागे राहिले. 2016 व 2017 मध्ये तो 'एम्पायर' म्हणून खेळला. पुढे जुने नाव परत आले, 2021 चा हंगामही झाला. पण आर्थिक अटी पूर्ण न झाल्याने फेब्रुवारी 2022 मध्ये, हंगाम तोंडावर असताना, इंडोअर लीगने त्याचे सदस्यत्व संपवले. विजेतेपदे होती, प्रेक्षक होते. तरीही ही पाळी आली.

या अनिश्चिततेची किंमत कोण मोजतो? मालक दुसरा धंदा पाहतो. सामन्यागणिक पैसे घेणारा खेळाडू मात्र पुढील वर्षी आपला संघ असेल की नाही, हे न कळताच व्यायाम करीत राहतो. कर्ट वॉर्नर एकेकाळी आयोवातील किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर माल लावीत असे. 1995 ते 1997 या काळात आयोवा बार्नस्टॉर्मर्स संघाने त्याला खेळण्यास जागा दिली; जानेवारी 2000 मध्ये त्याने सुपर बोल जिंकला. ती जागाच त्या वेळी नाहीशी झाली असती तर?

त्या तासाला मी जे ठामपणे बोललो होतो, ते आज तसे बोलणार नाही. बाजारात प्रतिस्पर्धी हटवून जिंकता येत असेल. खेळात प्रतिस्पर्ध्याला जगवूनच जिंकावे लागते. लीगने अनामत रक्कम घेणे, नवा संघ पारखून घेणे, उत्पन्नाचा काही वाटा दुर्बळांना देणे, ही दयाबुद्धी नव्हे. तो व्यवहार आहे. सरांच्या प्रश्नाला माझे उत्तर इतकेच: उरलेल्याने खेळायचे असेल, तर समोरचा गळण्यापूर्वीच त्याची काळजी वाहिली पाहिजे.