हा सर्दीचा फवारा नव्हे

आमच्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मराठी घरात कूट कशाकशात पडतं हे आठवा, म्हणजे आमची कसरत कळेल. न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत तिने कोशिंबिरीचा घास खाल्ला आणि काही मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. मी आत पानं वाढत होते. शेजारी बसलेल्या काकूंनी तिच्या पाकिटातून नेफी, म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यावर नाकात मारायचा फवारा, काढला आणि सर्दीचा स्प्रे बघतो तसा आधी हवेत दाबून बघितला.

त्यात एकच मात्रा असते. ती गेली.

पाकिटात दुसरा होता म्हणून निभावलं. म्हणूनच सांगते, दोन्ही कायम जवळ हवेत. एक घरी, एक शाळेत अशी वाटणी नको. काकूंना बोल कशाला लावू? सुईचा पेन दिसला की माणूस बिचकतो, फवारा दिसला की निर्धास्त होतो. आत मात्र तेच ॲड्रिनॅलिन असतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये नेफीला मान्यता मिळाली, ती ३० किलो किंवा जास्त वजनाच्यांसाठी. त्याहून लहान मुलांचा कमी मात्रेचा फवारा २०२५ मध्ये आला.

बोटं नाकाला टेकेपर्यंत नळी सरळ आत घालायची, मधल्या पडद्याकडे वळवायची नाही, आणि दट्ट्या पूर्ण दाबायचा. ‘ओढून घे’ म्हणू नका; औषध नाकातच मुरायला हवं. लगेच ९११ ला फोन. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरा, त्याच नाकपुडीत. मुलाला उठवून चालवत नेऊ नका. आडवं करा, धाप लागत असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी इस्पितळ चुकवू नका, काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.

‘आधी सेटिरिझिन देऊन बघू’ याची मला सगळ्यात धास्ती वाटते. त्या गोळीने खाज कमी होईल, पण आवळलेली श्वासनलिका मोकळी होत नाही की घसरलेला रक्तदाब सावरत नाही.

नाकात पॉलिप असेल किंवा नाकाचं ऑपरेशन झालं असेल, तर फवारा चालेल की पेनच घ्यावा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि इथल्या जानेवारीत तो गाडीत विसरू नका. गोठला तर ऐनवेळी उडत नाही.