दुसऱ्या शहरातला सर्व्हर : औशातल्या पतसंस्थेला खर्च किती?

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर क्लाउडवर नेताना विक्रेता सांगतो, ‘लोड बॅलन्सर लावलाय, आता बंद पडणार नाही.’ सही करण्याआधी विचारा : सगळे सर्व्हर एकाच शहरात आहेत का? एक सर्व्हर बिघडला तर लोड बॅलन्सर काम दुसऱ्याकडे वळवतो. त्या शहरातले सगळेच सर्व्हर एकदम बसले तर तो काहीही करू शकत नाही.

लातूरच्या शाखेत ठेवलेली डेटाची प्रतही पुरेशी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपातलं किल्लारी औसा तालुक्यातलंच. दुसरी जागा लांबची हवी. ॲमेझॉनची क्लाउड केंद्रं मुंबईत 2016 पासून आणि हैदराबादेत 2022 पासून आहेत, म्हणजे डेटा देशाबाहेर जायचं कारण नाही.

आता पैसे. रोजचा बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवायचा तर 100 जीबीला महिन्याला अडीच डॉलरच्या आसपास, म्हणजे दोन-अडीचशे रुपये. मात्र सगळं पुन्हा उभं करायला काही तास जातात. हैदराबादेत 4 जीबी रॅमचा सर्व्हर सतत चालू ठेवून त्यावर डेटाबेसची प्रत घेत राहिलात, तर भाडं महिन्याला साधारण तीस-पस्तीस डॉलर. डिस्क, डेटा वाहतूक आणि 18 टक्के जीएसटी वेगळा. मुंबईतला मुख्य सर्व्हर जिवंत आहे का हे तपासून पत्ता बदलणारी डीएनएस सेवा एक-दीड डॉलरात मिळते. डीएनएसची मुदत 60 सेकंद ठेवलीत तर बहुतेक ग्राहक काही मिनिटांत हैदराबादेकडे वळतात. शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी मात्र हुकू शकतात. त्या कशा जुळवणार, हे लेखी घ्या. दोन्ही शहरांत एकाच वेळी खात्यांच्या नोंदी घेणारी महागडी रचना लहान संस्थेने टाळावी. दोन शहरांचा संपर्क तुटला तर एकाच खात्याची दोन ठिकाणी दोन वेगळी शिल्लक दिसू शकते, आणि ती निस्तरणं फार अवघड.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. जुलै 2024 मध्ये बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांची पेमेंट सेवा थांबली. अशा हल्ल्यात मूळ डेटा बिघडला की तो बिघाड काही सेकंदांत प्रतीतही उतरतो. म्हणून कुणालाही पुसता न येणारा बॅकअप वेगळा ठेवाच.

या सगळ्याआधी औशातल्या कार्यालयात वेगळ्या कंपनीचं दुसरं इंटरनेट आणि इन्व्हर्टर घ्या. तुमचीच लाइन तुटली तर दोन शहरांतले सर्व्हर निरुपयोगी. आणि विक्रेत्याचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मुंबईचा सर्व्हर तुमच्यासमोर बंद करायला लावा. हैदराबादेतून पासबुक छापून निघालं तरच पैसे द्या.