बिबट्याची ओळख व घरादाराची राखण

(उपदेशकांनी हा पाठ मंडळीस सावकाश वाचून दाखवावा व शेवटचे प्रश्न विचारावे.)

वाचकहो, आपला धारणी तालुका मेळघाटात आहे. 1974 साली येथे व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. ह्या रानात वाघ व बिबट्या दोघेही राहतात. परंतु वाघ बहुतकरून रान सोडत नाही, आणि बिबट्या मात्र रात्री आपल्या अंगणापर्यंत येतो. म्हणून त्याची ओळख व त्याजपासून राखण, ह्या दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबास ठाऊक असाव्या.

1. ओळख. वाघाच्या अंगावर काळे पट्टे असतात. बिबट्या वाघाहून पुष्कळ लहान असून त्याच्या अंगावर फुलांसारखी काळी वर्तुळे असतात. कित्येक त्यास चित्ता म्हणतात, ती चूक होय. चित्त्याचे ठिपके भरीव असतात व तो मेळघाटात नाही. तरसाच्या अंगावरही पट्टे असतात, पण त्याची पाठ मागे उतरती असते. मातीत पाऊल दिसल्यास नखे पाहावी. कुत्रा व तरस ह्यांची नखे उमटतात. वाघ व बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा असतो.

2. तो का येतो? अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले नावाचा तालुका आहे (आपला अकोला निराळा). तेथील शेतीच्या मुलखात बिबट्या काय खातो ह्याचा शोध विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो 2014 साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी शेकडा 87 भाग पाळीव जनावरांचा, आणि त्यात शेकडा 39 भाग एकट्या कुत्र्यांचा निघाला. ह्यावरून उघड आहे की, तो माणसासाठी येत नाही. कुत्री, शेळ्या व कोंबड्या त्यास गावाकडे ओढतात. गावात उकिरडा वाढला म्हणजे कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

3. घरची राखण. शेळ्या रात्री उघड्यावर बांधू नयेत. गोठ्यास भक्कम दार व वरून आच्छादन असावे. अंधार पडल्यावर मुलांस एकटे सोडू नये, बहिर्दिशेसही नाही. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्यास लहान जनावरासारखा दिसतो. ह्यास्तव पहाटे मोहफुले वेचावयास जाणाऱ्यांनी सोबतीने जावे व मोठ्याने बोलत राहावे. संध्याकाळच्या उपासनेहून परततानाही बॅटरी व काठी हाती असावी आणि मुले मध्ये चालवावी.

4. गाठ पडल्यास. पळू नये, पाठ दाखवू नये, खाली बसू नये. लेकरास चटकन उचलून घ्यावे, हात उंच करावे, मोठ्याने ओरडावे आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे. तो विहिरीत पडला किंवा घरात शिरला, तर गर्दी करू नये व दगड मारू नयेत. कोंडलेला बिबट्याच अधिक घातक. लोकांस दूर ठेवून वनखात्यास 1926 ह्या क्रमांकावर कळवावे. शेतात पिल्ले सापडल्यास हात लावू नये. आई जवळपासच असते. जनावर मारले गेले तर ते जागचे न हलवता 48 तासांच्या आत वनखात्यास कळवावे, म्हणजे भरपाई मागता येते.

5. धरून नेल्याने काय होते? पुष्कळ म्हणतात, “पिंजरा लावा व त्यास दूर सोडा.” जुन्नर भागात 2001 साली असेच करू लागले. तत्पूर्वी तेथे वर्षास सरासरी 4 माणसांवर हल्ले होत. नंतर ते 17 वर गेले. परक्या ठिकाणी सोडलेले जनावर बावरते, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरे येते. विष घालणे किंवा मारणे तर 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा भरवसा पिंजऱ्यावर नव्हे, तर बंद गोठ्यावर, स्वच्छ गल्लीवर व मुलांच्या सोबतीवर ठेवावा. ही कामे आज सायंकाळपासूनच करता येतात, आणि त्यांस कोणाच्या हुकुमाची गरज नाही.

प्रश्न: (1) बिबट्या व तरस ह्यांचे पाऊल कसे ओळखाल? (2) गावात कुत्री वाढल्याने काय होते? (3) बिबट्या समोर आल्यास कोणत्या तीन गोष्टी करू नयेत? (4) आपल्या गल्लीत कोणाचा गोठा अजून उघडा आहे, व तो नीट करण्यास आपण काय मदत कराल?