ही प्रतिमा कोणाची?

शास्त्रवाचन : मत्तय २२:१५-२२; उत्पत्ती १:२६-२७; यशया ४३:१



कैसराला कर द्यावा की न द्यावा, या पेचात प्रभू येशूला पकडू पाहणाऱ्यांकडे त्याने कराचे नाणे मागितले आणि त्यावरील प्रतिमा व लेख कोणाचा, असा उलट प्रश्न केला. प्रतिमेसाठी मत्तयाने योजलेला ग्रीक शब्द 'आयकोन' हा आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले हे सांगताना जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही हाच शब्द येतो. मराठीत या दोन ठिकाणी दोन निराळे शब्द येतात व त्यांना जोडणारा धागा वाचकाच्या हातून निसटतो. भाषांतराचे काम करणाऱ्याला ही रुखरुख नेहमीच लागून राहते.

या ग्रीक शब्दापासूनच इंग्रजीतील 'आयकॉन' हा शब्द आला. आज बाजारपेठेत तो वस्तूच्या वेष्टनावरील ओळखीच्या चेहऱ्यासाठीही वापरला जातो. हे चेहरे आता केवळ वेष्टनावर राहिलेले नाहीत. मुलांच्या ॲनिमेशनपटांत ते पात्रे होऊन बोलतात, हसतात, रडतात. म्हणून प्रभूचा तो प्रश्न आपण आपल्या घरातही विचारला पाहिजे.

'फूडफाइट' नावाचा अमेरिकन ॲनिमेशनपट अनेक वर्षे रखडून २०१२ साली प्रदर्शित झाला. त्याची कथा अशी : रात्री दुकान बंद झाले की तेथील मालाचे एक नगर बनते आणि वेष्टनांवरील पात्रे त्याचे नागरिक होतात. त्यांत काही काल्पनिक आहेत. पण फरशी पुसण्याच्या द्रवावरील 'मिस्टर क्लीन' आणि डबाबंद माशांच्या जाहिरातीतील 'चार्ली' हा ट्यूना मासा यांसारखी खरोखरीच्या कंपन्यांची चिन्हेही आहेत. या नगरावर संकट येते ते 'ब्रँड एक्स'चे. अमेरिकन जाहिरातींत प्रतिस्पर्ध्याच्या निनावी मालाला हेच नाव देण्याची जुनी रीत होती. म्हणजे ज्याच्यावर प्रसिद्ध नाव आहे तो सज्जन आणि ज्याला नाव नाही तो दुर्जन! चित्रपट सपशेल पडला, तरी ही शिकवण पडली असे समजू नये. दप्तरावर ठरावीक चित्र नसलेल्या मुलाला वर्गातील इतर मुले हसतात, तेव्हा तोच धडा गिरवला जात असतो.

त्या चार्लीची गोष्ट तर मन विषण्ण करणारी आहे. १९६१ पासून जाहिरातींत दिसणाऱ्या या माशाची मोठी आकांक्षा काय, तर कंपनीने आपल्याला पकडून डब्यात भरावे! आणि प्रत्येक वेळी कंपनी त्याला नाकारते. पाहणारा हसतो. पण दुसऱ्याने विकत घेण्याजोगे ठरवले तरच आपल्याला मोल, असे मानणारा जीव याहून अचूक कोणी रंगवला असेल?

येथे समतोलही राखला पाहिजे. सर्वच चित्रपट एका मापाने मोजू नयेत. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'मध्येही बाजारातील खरी खेळणी होती. त्यांतील 'मिस्टर पोटॅटो हेड'ची जाहिरात तर १९५२ सालीच अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकली होती. बार्बी बाहुलीसाठी मॅटेल कंपनीने त्या वेळी परवानगी दिली नाही. पहिल्या चित्रपटाचे यश दिसल्यावर १९९९ च्या दुसऱ्या भागात ती आली. व्यवहार तेथेही होताच. तरीही त्या पहिल्या चित्रपटात एक बोलका प्रसंग आहे. स्वतःला खरा अंतराळवीर समजणारे बझ हे खेळणे दूरचित्रवाणीवर स्वतःचीच जाहिरात पाहते. आपल्यासारखी असंख्य खेळणी विक्रीला आहेत हे कळताच ते खचून जाते. पुढे त्याची दृष्टी आपल्या पायाच्या तळव्याकडे जाते. तेथे त्याच्या लहानग्या मालकाने स्वतःचे नाव लिहिलेले असते. ते पाहून बझ पुन्हा उभे राहते.

वाचकहो, जाहिरातीने त्याला वस्तू ठरवले. मालकाच्या नावाने त्याला आपले म्हटले. यशया संदेष्ट्याच्या द्वारे देव आपल्या लोकांना हेच सांगतो की, मी तुम्हांला नावाने हाक मारली आहे, तुम्ही माझे आहात. मात्र फरकही ध्यानात घ्यावा : ते मूल एक दिवस मोठे होऊन खेळणी विसरेल, आपला देव विसरत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ साली असा निष्कर्ष मांडला की, सुमारे आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागील हेतू ओळखता येत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासूनच तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करण्यास मनाई केली आहे. भारतातही २०२२ साली मुलांसाठीच्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. कायदा हवाच. परंतु कथेच्या ओघात मुलाचा मित्र होऊन बसलेल्या चेहऱ्याविषयी त्याच्याशी बोलणे हे काम आईवडिलांचे व रविवारच्या शाळेतील शिक्षकांचे आहे.

मग चित्रपट बंदच करावेत काय? प्रभूने ते नाणे फेकून दिले नाही. ज्याच्यावर कैसराची प्रतिमा ते कैसराला द्यावे, असे तो म्हणाला. वस्तूवर कंपनीची छाप असेल तर तिची रास्त किंमत कंपनीला द्यावी; त्यात पाप नाही. परंतु देवाचे ते देवाला, हेही त्याने त्याच श्वासात सांगितले. मुलावर कोणाची प्रतिमा आहे? तिची किंमत कोणत्याही दुकानात होत नाही.

मनन व चर्चेसाठी

१. मुलांसोबत एखादा चित्रपट पाहून त्यांना विचारा : यातील कोणते पात्र दुकानात विकत मिळते? ते कथेत कशासाठी आले असावे?

२. आपल्या मंडळीत कपडे, वाहन वा भ्रमणध्वनी पाहून आपण कोणाला पुढची जागा देतो काय? (याकोब २:१-४)

३. आपल्या मुलाला 'तू देवाचा आहेस' हे आपण शेवटचे केव्हा सांगितले?