दाढ भरायला येताना उपाशी येऊ नका

आमच्या दवाखान्यात पाऊल टाकले की मदतनीस बाई जो पहिला प्रश्न विचारतात तो दाताचा नसतो. "सकाळी काय खाऊन आलात?" असे त्या विचारतात. दुसरा प्रश्न, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" पुष्कळांना हे रुचत नाही. "दुखतेय दाढ आणि तुम्ही पोटाची चौकशी काय करता?" असे ऐकवणारे रोज एक-दोन जण भेटतात. काही जण केसपेपरवर 'आजार नाही' असे लिहायला लावतात आणि खुर्चीत आडवे झाल्यावर सांगतात की दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आहे! म्हणून आजचा लेख या प्रश्नांविषयी.

हे प्रश्न आमच्याकडे पूर्वी विचारले जात नव्हते, हे आधीच कबूल करतो. ते सुरू झाले एका गुरुजींमुळे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय साठीच्या पुढे. खालच्या दाढेला मोठा खड्डा पडला होता, ती भरायला मी त्यांना अकरा वाजता बोलावले होते. डॉक्टरकडे जायचे म्हणजे उपाशीपोटी, अशी त्यांची समजूत. रक्त तपासायला तसेच जावे लागते ना! मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी सकाळी सातला नेमाने घेतली होती. त्यात एस.टी. उशिरा आली आणि दवाखान्यातही गर्दी. खुर्चीत बसेपर्यंत सव्वाबारा झाले. मी बधिर करण्याचे इंजेक्शन दिले आणि दाढ कोरायला सुरुवात केली. त्यांना दरदरून घाम फुटला. माणूस घाबरला आहे असे समजून मी पंखा वाढवला आणि काम चालू ठेवले.

लाळ ओढणारी नळी धरून शेजारी मदतनीस बाई उभ्या होत्या. चौथीत त्या याच गुरुजींच्या वर्गात होत्या, त्यामुळे गुरुजी त्यांना नावाने हाक मारत. त्या दिवशी त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली. बाईंनी हात धरून पाहिला तर तो गार आणि थरथरणारा. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा. हे घाबरलेले नाहीत, यांची साखर उतरलीय. माझ्या सासऱ्यांचं अस्संच होतं."

मी हातातले यंत्र खाली ठेवले. गुरुजी शुद्धीवर होते, गिळता येत होते. त्यांना ताठ बसवले, समोरच्या चहाच्या टपरीवरून साखर आणली आणि चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. अर्धे तोंड बधिर असल्याने निम्मे पाणी शर्टावर सांडले. दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला आणि आधी बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली. दंतवैद्याच्या दवाखान्यात साखरेने वेळ निभावली याचे हसू आम्हाला नंतर आले. त्या क्षणी माझेही हात गारच होते. त्यांच्या केसपेपरवर मी नाव, गाव, वय आणि दाढेचा नंबर एवढेच लिहिले होते. मधुमेह आहे का, हे विचारलेच नव्हते. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मधुमेह असलेल्या वाचकांनी एवढे नक्की लक्षात ठेवावे. दाताच्या कामासाठी सकाळची वेळ मागून घ्यावी. नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊनच यावे. काम करताना घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच हात वर करावा. घरातल्यांनीही ध्यानात ठेवावे, की साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडाने साखर द्यायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते, म्हणून थेट दवाखाना गाठावा.

आता गुरुजींची दाढ किडली कशाने ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. डाव्या बाजूच्या दाढा काढून त्यांना बरीच वर्षे झाली होती. उजवीकडची दुखायला लागल्यावर भाकरी चावेना. मग भाकरीऐवजी मऊ भात, आणि दिवसातून चार-पाच वेळा चहात बुडवलेली बिस्किटे. चहा बिनसाखरेचा, बरे का! पण बिस्किटात मैदा आणि साखर दोन्ही असतात आणि त्याचा लगदा दाढेच्या खाचेत तासन्‌तास बसतो. दाताच्या दुखण्याने मधुमेहाला नको तेच पथ्य पाळले जात होते आणि त्या पथ्याने उरलेली दाढ किडत होती.

दातात किडा नसतो हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, तरी धुरी देऊन किडा काढणारे जत्रेत अजून भेटतात. खरी गोष्ट अशी. दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत साठत असतो. आपण गोड खाल्ले की हे जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच दातावरची आम्लता इतकी वाढते की दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातले क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि क्षार परत बसवू पाहते, पण तिला साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. त्या अर्ध्या तासात दुसरे बिस्किट तोंडात गेले की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून किती गोड खाल्ले याइतकेच, किती वेळा खाल्ले हेही मोजावे लागते.

स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णालयात 1945 ते 1953 या काळात यावर प्रयोग झाले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचे दात तुलनेने कमी किडले. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे फार किडले. दंतवैद्यक याच प्रयोगातून हे शिकले. पण ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा रुग्णांवर तो केला गेला, हा त्याला लागलेला डाग पुसला जात नाही.

आमच्या भागात गुऱ्हाळे आहेत, त्यामुळे एक प्रश्न नेहमी येतो. साखर वाईट, पण गूळ तर चांगला ना? दाताला गूळ, काकवी, मध आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी गोड पोटात जावे, आणि पाच टक्क्यांखाली आणता आले तर उत्तम. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला दहा टक्के म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम, दहा-बारा चमचे. चार कप गोड चहातच त्यातला बराचसा वाटा संपतो. जेवणाबरोबर पुरणपोळी खा, माझी ना नाही. दुपारभर गोळी चघळत बसू नका.

आणखी एक गैरसमज. दात किडला की लोक कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात. मोठ्या माणसाच्या दातात पडलेला खड्डा गोळीने भरून येत नाही. कीड अगदी सुरुवातीला, नुसत्या पांढऱ्या डागाच्या रूपात असेल तर फ्लोराइडच्या पेस्टने आणि गोड कमी केल्याने ती थांबू शकते. खड्डा पडल्यावर तो भरावाच लागतो.

आता बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, गोळ्यांकडे वळू.

हृदयविकाराच्या किंवा अर्धांगाच्या पुष्कळ रुग्णांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू असते. दात काढायचा म्हणून काही जण ती आपल्या मनानेच चार दिवस बंद करून येतात आणि 'तयारी करून आलो' असे अभिमानाने सांगतात. असे कधीही करू नका. दाढेतून येणारे रक्त दाबून, टाका घालून थांबवता येते. गोळी बंद केल्यावर हृदयात किंवा मेंदूत धरलेली गुठळी आमच्या हातात नसते. दाढ भरण्यासाठी तर ती बंद करायची गरजच नसते. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे त्यांनी ते आवर्जून सांगावे. हिरड्यांतून रक्त येणारे काम असेल तर तोंडातले जंतू रक्तावाटे झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून अशा रुग्णांना कामाआधी प्रतिजैविकाची मात्रा देतात.

रक्तदाबाची गोळी दाताच्या दिवशीही चुकवू नये. वरचा आकडा 180 किंवा खालचा 110 च्या पुढे असला तर आम्ही काम पुढे ढकलतो, त्याचा राग मानू नये. काम झाल्यावर खुर्चीतून ताडकन उठू नये; काही गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यावर चक्कर येते. शिवाय रक्तदाब, ॲलर्जी, झोप, मनाचे आजार यांवरच्या कित्येक औषधांनी लाळ कमी होते. लाळ कमी म्हणजे दाताचा पहारेकरी कमी. असे तोंड ओले ठेवायला लोक खडीसाखर चघळतात, आणि वर्षभरात हिरडीलगतचे दात गोलाकार किडलेले दिसतात. पाण्याचे घोट घ्यावेत.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दल गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनीही ते सांगावे. दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येण्यास त्यातल्या काही औषधांनी अडथळा येऊ शकतो.

गरोदर बाईच्या दाताला हात लावायचा नाही, असे सासूबाई सांगतात आणि सून नऊ महिने दुखणे सोसते. पू झालेला दात सांभाळणे हे भरून घेण्याहून वाईट. चौथा ते सहावा महिना सोयीचा. दुखणे तातडीचे असेल तर कधीही उपचार होतात. बाळ आईच्या दातातले कॅल्शियम ओढून घेते हे खरे नाही. उलट्यांतले आम्ल आणि सारखे थोडे थोडे खाणे दातांना बाधते. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरावी.

दाढ भरताना काय होते, तेही थोडे सांगतो. माझ्या उमेदवारीच्या काळात चांदी भरत. मदतनीस चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटत आणि जादा पारा फडक्यातून बोटांनी पिळून काढत. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार 2013 साली झाला, भारताने तो 2018 मध्ये मान्य केला आणि युरोपीय संघाने 2025 च्या सुरुवातीपासून अशी चांदी भरणे, क्वचित वैद्यकीय गरज सोडता, बंद केले. तुमच्या दाढेत जुनी चांदी घट्ट बसली असेल तर मात्र केवळ भीतीपोटी ती उकरून काढू नका.

आता बहुधा दोन प्रकार वापरतात. पहिला म्हणजे काचेच्या भुकटीचे सिमेंट, विल्सन आणि केंट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शोधलेले आणि 1972 मध्ये प्रसिद्ध झालेले. ते दाताला स्वतःच चिकटते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते, म्हणून कोरड्या तोंडाच्या रुग्णांना ते उपयोगी. भुकटी आणि द्राव बाई पाऊण मिनिटाच्या आत कालवतात. मिश्रणावर चकाकी असेपर्यंत ते दाढेत गेले पाहिजे. चकाकी गेली की ते चिकटत नाही. बाई ते सरळ टाकून देतात आणि नवे कालवतात. माल वाया गेला म्हणून पूर्वी मी कुरकुर करायचो, हल्ली करत नाही. दुसरा प्रकार दाताच्या रंगाचा, निळ्या प्रकाशाने घट्ट होणारा. हा एकेक पातळ थर देऊन भरतात. त्यात लाळेचा एक थेंब शिरला तर भरलेली दाढ काही महिन्यांत कडेने सुटते. म्हणून बाई कापसाच्या वळ्या बदलत राहतात आणि "जीभ हलवू नका" असे दहा वेळा सांगतात. तुम्हाला तो जाच वाटतो, पण भरण किती टिकणार हे त्याच पाच मिनिटांत ठरते.

खोल किडीत कधी कधी लवंगेच्या वासाचे तात्पुरते सिमेंट भरतात. दुखणे थांबते आणि रुग्णही येणे थांबवतो. सहा महिन्यांनी गाल सुजवून येतो तेव्हा रूट कॅनॉलशिवाय किंवा दात काढण्याशिवाय इलाज उरत नाही.

गुरुजींची दाढ पुढच्या आठवड्यात, सकाळी साडेनऊला, पोट भरलेले असताना भरली. नंतर डाव्या बाजूला काढ-घालीच्या दाढा बसवल्या. तीन महिन्यांनी ते ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी चावून खात होते, बिस्किटे सुटली होती. साखरही उतरली, पण त्याचे सारे श्रेय मी घेणार नाही, त्यांची गोळीही मधल्या काळात बदलली होती.

भरून घरी गेल्यावर बधिरपणा जाईपर्यंत, दोन-तीन तास, गरम चहा पिऊ नये. लहान मुलांवर विशेष लक्ष ठेवावे. बधिर ओठ गमतीने चावून ती रक्तबंबाळ करतात. सिमेंट भरले असेल तर एक दिवस त्या बाजूने कडक चावू नये. मधुमेह्यांनी बधिरपणाच्या सबबीवर दुपारचे जेवण टाळू नये, दुसऱ्या बाजूने मऊ खिचडी किंवा दहीभात खावा. येताना औषधांची चिठ्ठी आणावी. ती हरवली असेल तर गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाकून आणली तरी चालतात, बाई ती वाचून लिहून घेतात.