मी पाहिलेली मुंबई

तिसरीची परीक्षा झाल्यावर सुट्टीत मी बाबांबरोबर मुंबईला गेले होते. बाईंनी सांगितले, "जे पाहिलेस ते लिही." म्हणून हा अभ्यास लिहिला आहे.

प्रवास : माझे बाबा डायमेकर आहेत. डाय म्हणजे दागिन्याचा साचा. धातूच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरतात. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की पत्र्यावर तीच नक्षी उठते. बाबांना डाय घेऊन झवेरी बाजारात जायचे होते. निघताना आई म्हणाली, "हात सोडू नको हां!"

पहाटे रिक्षाने वाणगाव स्टेशनला गेलो. आपल्याकडे डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली. सफाळे गेल्यावर वैतरणेचा लांबच लांब पूल लागला. बाबा म्हणाले, "मुंबईची माणसं या नदीचं पाणी पितात." वैतरणा, तानसा, भातसा या नद्यांवर धरणे आहेत. तिथले पाणी मोठ्या नळांतून मुंबईला जाते. विरारला गाडी बदलली. गर्दी एवढी की मला फक्त लोकांच्या पिशव्याच दिसत होत्या!

मुंबईची माहिती : पूर्वी मुंबई ही सात बेटे होती. मधल्या समुद्रात भराव घालून ती जोडली. कोळी लोक तिथले जुने रहिवासी. त्यांची देवी मुंबादेवी. तिच्यावरून मुंबई हे नाव पडले. देवीचे देऊळ झवेरी बाजाराजवळच आहे. आम्ही पाया पडलो.

बाजारात काय झाले : बाजारात कोणी गुजराती बोलत होते, कोणी मारवाडी, कोणी हिंदी, कोणी बंगाली. मी काचेतल्या पाटल्या बघत उभी राहिले. वळून बघते तर बाबा नाहीत! मला खूप रडू आले. पायरीवर एक म्हातारे कारागीर बसले होते. त्यांनी हिंदीत विचारले, "कुठली तू?" मी बाबांचा फोन नंबर सांगू लागले, पण शेवटचे दोन आकडे आठवेनात. मग मी नुसतेच म्हटले, "चिंचणी."

ते हसले. "चिंचणी? डायवाले?" त्यांनी मला पाणी दिले आणि शेजारी बसवले. पेटीतून एक डाय काढून दाखवली. तिच्यावर वेल कोरली होती. ते म्हणाले, "ही तुमच्या गावची."

थोड्या वेळाने बाबा आले. ते रागावले नाहीत. पण त्यांचा हात घामाने ओला झाला होता. मग पूर्ण दिवस मी तो सोडला नाही.

गेटवे ऑफ इंडिया : दुपारी बसने तिथे गेलो. इंग्लंडचा राजा १९११ साली आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ साली पूर्ण झाली. स्वातंत्र्य मिळाल्यावर इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून गेली. समोर समुद्र आहे, पण आपल्यासारखी वाळू आणि सुरूची झाडे नाहीत. खेळायला मला आपलाच किनारा बरा वाटला.

मी काय शिकले : मुंबईत सगळीकडची माणसे कामाला येतात. आपल्या गावाचे पाणी नाही, पण आपल्या गावाचे काम तिथे पोचते. मला वाटायचे, एवढ्या मोठ्या शहरात चिंचणी कोणाला माहीत असणार? पण माहीत होती.

लक्षात ठेवा :
१. आईबाबांचा फोन नंबर पूर्ण पाठ करा. मी आता केला आहे.
२. चुकलात तर तिथेच थांबा. पळू नका.
३. गावाचे नाव मोठ्याने व स्पष्ट सांगा.

सांगा पाहू :
१. मुंबईला पाणी देणाऱ्या तीन नद्या कोणत्या?
२. डाय कशासाठी वापरतात?
३. तुमच्या घरातले कोणते काम किंवा वस्तू मुंबईला जाते? घरी विचारून या.

– इयत्ता चौथी